आप्पांना तिसरं पॅनेल खपत नसे

आमच्या आप्पांकडे चहाचे दोनच प्रकार होते, साखरेचा आणि बिनसाखरेचा. एकदा एका पाहुण्याने गुळाचा मागितला, तर आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. "हे पॅनेल कुठनं आलं?" म्हणाले. पाहुण्याने मुकाट्याने साखरेचा घेतला.

आप्पा म्हणजे माझे चुलते. भरे गावाच्या पलीकडचं आमचं गाव, आणि गावात ग्रामपंचायतीची दोनच पॅनेलं: एक आप्पांचं, एक नानांचं. अर्ज भरायला मात्र दोघे एकाच जीपने तालुक्याला, पौडला जायचे, एकाच टेबलावर मिसळ खायचे आणि परत येऊन पारावर एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. मी म्हणायची, "ही लोकशाही नाही आप्पा, ही नुरा कुस्ती आहे." त्यावर आप्पा म्हणत, "समोर येकच असावा, पोरी. आन् वळखीचा असावा. म्हंजी कुटं मारायचं ते म्हाईत असतंय."

टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक लागली की आप्पांना चेव येई. "बग, येवढा मोठा देश, पन पक्ष दोनच! आन् आपल्याकडं? धा जनांची मोट. तीन चुलींवर येक भात शिजंल का?"

"आणि दोन्ही चुलींवर आपला भात चढलाच नाही, तर त्या माणसाने उपाशी राहायचं?"

"मग त्यानं यातली येक चूल ताब्यात घ्यावी. तिसरी मांडू नये. दोन असले की चूक कुनाची ते कळतंय. तीन असले की तिगंबी दुसऱ्याकडं बोट दावत्यात."

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मला जास्त राग यायचा. कारण उपाशी माणसं आमच्याच गावात होती. कंपन्यांत कामाला आलेली, लातूर-नांदेडकडची कुटुंबं खोल्या भाड्याने घेऊन राहत होती. त्यांची नावं मतदारयादीत होती. त्यांच्या खोल्यांना पंचायतीचा नळ नव्हता. आणि खोल्या कुणाच्या? अर्ध्या आप्पांच्या, अर्ध्या नानांच्या. नळ आला तर पाणीपट्टी मालकावर! मग तो विषय कोणतं पॅनेल काढणार?

म्हणून आम्ही तिसरं पॅनेल काढलं. उमेदवार रेणुकाताई, आप्पांच्याच भाडेकरू. पत्रक मी लिहिलं. आप्पांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "धिक्कार लई येळा झालाय. येकदा धिक्कारलं तरी कळतंय मान्साला." आणि अर्ज भरायच्या दिवशी जीप दारात उभी करून म्हणाले, "चल, बस. मधली शीट मोकळी हाय." मी एसटीने गेले.

निकाल लागला: दोन्ही पॅनेलं सारखी, आणि मधे एकट्या रेणुकाताई. चावी आमच्या हातात! आता दोघेही आमच्या दारात येणार, आणि जो नळ देईल त्याला आमचं मत. मी तर अटींचा कागदही तयार ठेवला होता. कुणीच आलं नाही. आप्पा आणि नाना सरळ एक झाले. उपसरपंचपदही आळीपाळीने वाटून घेतलं.

मी तणतणत त्यांच्या ओसरीवर गेले. "जन्मभर भांडलात ना? लाज नाही वाटत?"

"कशाची? गावात पयल्यापास्नं दोन बाजू. आतासुदिक दोनच हायेत. आमी समदे हिकडं, तुमी तिकडं." मग आवाज उतरवून म्हणाले, "रेणुकाबाईला सांग, नुसतं वरडून व्हत न्हाई. ठराव मांड आन् मतदान माग. हात वर कराय लाव. कोन आडवं आलं ते लोकास्नी दिसू दे."

तसा ठराव मांडला. नळाच्या विरोधात पहिला हात आप्पांचा! बाहेर आल्यावर मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नानाला शबुद दिलाय. पन बाई बोलली झ्याक. पुन्ना मांडा."

आम्ही पुन्हा मांडला. आप्पांनी पुन्हा पाडला. प्रत्येक वेळी खोल्यांमधली माणसं आणखी जास्त संख्येने बघायला यायची, आणि आप्पांचे सदस्य हात वर करताना आणखी खाली बघायचे.

श्रावणात आप्पा गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. शब्द आप्पांनी दिला होता; त्यांच्या माणसांनी तो पुढे पाळला नाही. पुढच्या सभेत रेणुकाताईंनी मतदान मागितलं, तेव्हा आप्पांच्या पॅनेलचे सगळे हात नळाच्या बाजूने वर गेले, आणि नानांकडचाही एक. नाना एकटेच म्हणत राहिले, "आरं, असं न्हवतं ठरलं."

नळ जोडले त्या दिवशी रेणुकाताईंनी पहिला हंडा भरला आणि मला हाक मारली, "ताई, बघा की, धार केवढी आहे!" मी बघितली, आणि थेट आप्पांच्या ओसरीकडे निघाले. जिंकलो, हे त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. अर्ध्या रस्त्यात थांबले. मग परत फिरून रेणुकाताईंचा दुसरा हंडा उचलून द्यायला गेले.