नटीच्या पुण्यतिथीला आलेला मामा

आमच्या अण्णांचं एका बाईवर प्रेम आहे आणि ती बाई अण्णा शाळेतही गेले नव्हते तेव्हाच वारली. आईला हे लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. बाई म्हणजे सिनेमातली नटी, ऐन भरात गेलेली. अण्णा कॉलेजला जालन्यात होते तेव्हा टॉकीजला मॅटिनीला तिचे जुने सिनेमे लागायचे. तीन सिनेमांत अण्णा पार कामातून गेले. चौथ्याच्या मध्यंतरात शेजारचा माणूस म्हणाला, "अहो, ती तर कधीच गेली की!" अण्णा तिथंच रडायला लागले. चहावाल्याला वाटलं, पोराचं पाकीट मारलं कोणीतरी.

तेव्हापासून तिची पुण्यतिथी आमच्या तीर्थपुरीच्या घरी न चुकता होते. अण्णा दाढी करत नाहीत, स्वतः शिरा हलवतात आणि दिवसभर तिची गाणी लावतात. "आता हसती बघ, आता!" म्हणून मला गदागदा हलवतात. आणि काय हसायची हो ती बया! मी दोन लेकरांची आई, पण तिला बघून मलाच लाजायला होतं. आई तिला सवत म्हणते. शिऱ्यात वेलदोडा कमी पडला की "माझ्या सवतीला असला शिरा?" म्हणून अण्णांनाच झापते. आई लग्नातल्या फोटोत सेम तिच्यासारखी दिसते, असं अण्णांचं ठाम मत. आई म्हणते, "डोळे तपासून घ्या."

आता मामाचं सांगते, कारण सगळी भानगड त्याच्यामुळंच. मामा टेंभुर्णीला असतो. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. सहा वर्षांमागं त्याच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत अण्णांचं नाव छापायचं राहिलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण आई बोलली, मामा उलट बोलला, आणि भाऊबीज बंद. पण गंमत बघा, मामा अण्णांचं स्टेटस रोज बघायचा! आई रोज संध्याकाळी विचारायची, "बघितलं का त्यानं?" बघितलं म्हटलं की बाई निवांत जेवायला बसायची. फोन मात्र करायची नाही. मनातून झुरायची नुसती. मला दोघांचाही असा राग यायचा!

यंदा पुण्यतिथीला मी माहेरी आले होते. अण्णांनी मला कामाला लावलं, यंदा पहिल्यांदाच तिचं स्टेटस ठेवायचं होतं. नटीचा काळापांढरा फोटो, भोवती फुलांची चौकट, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली "हसत आलीस, हसत गेलीस, घर सुनं झालं". मी विचारलं, "नाव टाकू का?"

अण्णा खवळले. "येडी झालीस का? तिला कोण ओळखत न्हाई?"

नाव न टाकता सकाळी स्टेटस गेलं आणि अण्णा शिऱ्याला लागले.

दुपारी दारात जीप थांबली. आतून मामा, मामी आणि भावकीतल्या चार म्हाताऱ्या उतरल्या त्या गळा काढूनच. मामाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाण्याची धार. त्यानं सरळ अण्णांना मिठी मारली. "कसं झालं हो दाजी?"

अण्णांचे डोळे गाणी ऐकून आधीच लाल. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं दुःख वाटून घ्यायला आलं होतं! "लई लवकर गेली हो," ते हुंदका देत म्हणाले. "वय होतं का ते जायचं?"

मला तर काहीच उमगेना. तेवढ्यात मागच्या नळावर धुणं धूत असलेली आई ओल्या हातानं धावत आली. सहा वर्षांनी भाऊ दारात, अन् असा रडून राह्यलेला. तिला वाटलं, त्याच्याच घरी कोणीतरी गेलं. आमच्याकडं आधी रडतात, मग विचारतात. तिनंही त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावलेले, बघतंय कोण?

"माझी एकुलती एक बहीण गेली गं!" मामा आईच्याच खांद्यावर डोकं आपटत ओरडला.

आईचं रडणं मधेच थांबलं. "कोणती बहीण? तुला तर मी एकलीच हाये ना रे?"

मामानं चष्मा पुसला, आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं आणि मटकन खाली बसला. "अक्का? मंग स्टेटसवर कोण मेलं?"

मी भिंतीला टेकून हसत सुटले, पार मुरकुंडी वळली. म्हाताऱ्या हसायला लागल्या. अण्णा तेवढे चिडले, "तिला ओळखलं न्हाई तुम्ही?" मी मामाला विचारलं, "अरे, एक फोन तरी करायचा!" तर म्हणतो, "मयतीच्या घरी फोन करतात व्हय?"

मामी हातातली पिशवी पाठीमागं दडवत होती. आईनं ती ओढून घेतली. आत हिरवंगार लुगडं आणि हळदकुंकवाची पुडी. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते मामानं वाटेत जालन्यात जीप थांबवून घेतलं होतं. माझं हसू गपकन थांबलं.

आई लुगड्यावरून हात फिरवत राहिली. "सहा वरसं साधा खण न्हाई धाडला, अन् मेल्यावर एवढं भारी?"

"फेकून दे अक्का. मयतीचं हाये ते."

"मयतीचं कशाचं? माह्या भावानं आणलंय."

ती आत गेली आणि तेच लुगडं नेसून बाहेर आली. अण्णा हातात उलथनं धरून बघतच राहिले. मग जाऊन त्यांनी स्वतःच गाणी बंद केली.

"मी मरन तवा दुसरं आण," आई मामाला म्हणाली. "हे मी नेसून फाडणार हाये."

"दर भाऊबीजेला आणतो," मामा म्हणाला. "पण त्या दिवसाचं लुगडं दुसऱ्या कोणालाबी सांग अक्का, मला न्हाई जमायचं."

आणि आता कोणीच मेलं नव्हतं, तरी तो लहान पोरासारखा रडायला लागला.