गाळलेले स्पर्श

हर्षित नेमकं काय काम करतो, हे रामटेकला त्याच्या गल्लीत कोणालाच धड सांगता यायचं नाही. ‘कंप्युटरमध्ये आहे’ इथवर सगळे यायचे आणि अडायचे. त्याची आई जिजाबाई मात्र शेजारणींना ठासून सांगायची, “लॅपटॉपवर बोट फिरवता ना तुम्ही? त्यातलं खरं बोट कोणतं अन् खोटं कोणतं, हे माहा पोरगा निवडते.” शेजारणी माना डोलवायच्या आणि घरी जाऊन म्हणायच्या, एकतीस वर्षांच्या पोराचं लग्न अडलं आहे ते उगाच नाही.

पण जिजाबाईचं सांगणं तंतोतंत खरं होतं. लॅपटॉपच्या कळांखालची ती चौकोनी पाटी, टचपॅड, फार भोळी असते. टेकलेला तळहात, घामाचा थेंब, चार्जरमधून झिरपणारी वीज, जे येईल त्याला ती बोटच समजते. मग पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा पळत सुटतो. नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत हर्षितचं काम एवढंच, की पाटीकडून सेकंदाला शंभरदा येणाऱ्या नोंदींतल्या भरवशाच्या तेवढ्या पुढे जाऊ द्यायच्या आणि बाकीच्या गाळायच्या. नोंद फिकी असेल आणि जागच्या जागी थरथरत असेल, तर ते बोट नाही.

हा थरथरीचा नियम त्याचाच, आणि त्यावरच ऑफिसात त्याचं नाव झालं होतं. बाण पळतो अशा तक्रारी यायच्या त्या लहान गावांतून. ऑफिसात मात्र बाण अगदी शहाण्यासारखा वागायचा. केयूर नावाचा त्याचा जोडीदार डोकं धरून बसला होता, तेव्हा हर्षितने घरून आणलेला एक चार्जर त्याच्यापुढे टाकला. त्याची तिसरी, जाड पिन बुडापासून तोडलेली होती.

“अबे, हे काय?”

“आमच्या घरी बोर्डात दोनच भोकं हायेत. तिसरी पिन बसत नाही, मंग तोडतात. अर्थिंग गेली, की पाटीले भुतं दिसतात.”

“तोडली कोणं बे?”

“मायनं. पकडीनं.”

केयूर पोट धरून हसला. पण पुढची सगळी चाचणी त्या थोट्या चार्जरवरच झाली.

आईकडून आलेली आणखी एक गोष्ट त्याच्या कामात होती. जिजाबाईने धानाच्या गिरणीत वीस वर्षं तांदूळ निवडले. सुपातून बाजूला काढलेली कणी ती लगेच फेकायची नाही, डब्यात ठेवायची. म्हणायची, “निवडताना हात चुकते. मंग पुन्हा पाहा लागते.” हर्षितही गाळलेली प्रत्येक नोंद, वेळ आणि जागेसकट, एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा. केयूरने त्या फाइलीचं नाव ‘कणीचा डबा’ पाडलं होतं. फरक इतकाच, की जिजाबाई आपला डबा उघडून बघायची.

मार्चात जिजाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून तिला नागपुरात, हर्षितच्या मानेवाड्यातल्या दोन खोल्यांत आणलं आणि थोरली बहीण वंदना रामटेकहून तिच्या सेवेला आली. जिजाबाईला ऐकू यायचं, समजायचंही, असं डॉक्टर म्हणाले. पण मान सगळ्यालाच हलायची. पाणी पाहिजे? हो. नको? हो. अशक्तपणाने डावा हातही गादीवरून उचलला जात नव्हता, त्याचं एक बोट तेवढं जरा सरकायचं.

दोन आठवड्यांत भावाबहिणीची जुंपली.

“मायले मले रामटेकले नेऊ दे,” वंदना म्हणाली. “माह्यं घर तिच्या घराच्या मागंच आहे. तिले तिचं अंगण तरी दिसंल.”

“अन् काही झालं तर? इथं दवाखाना दहा मिनिटांवर आहे ताई.”

“तुह्या दवाखान्यानं तिची वाचा आणली का वापस?”

“भांडतं काहून वं? तिलेच विचारू ना.”

विचारायची युक्ती अर्थातच हर्षितची होती. त्याचाच नियम चालणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्याचे त्याने दोन भाग केले. डावीकडे ठळक अक्षरांत ‘रामटेक’, उजवीकडे ‘नागपूर’. बाण मधोमध. जिजाबाई चौथी शिकलेली, वाचता यायचं. तिच्या बोटाखाली त्याने पाटी सरकवली.

“माय, जिकडं राह्यचं असंल, तिकडं बोट सरकव.”

तो सोमवार होता. बाण जागचा हलला नाही. हर्षितने स्वतःचं बोट लावलं, बाण लोण्यावरून घसरावा तसा गेला. पुन्हा आईचं लावलं, बाण पुन्हा खांबासारखा उभा.

“हलवलं तिनं,” वंदना म्हणाली. “मी पाह्यलं.”

“ते थरथर आहे वं ताई. हलवणं नाही.”

“तुले काय ठाऊक?”

“माह्यं कामच ते आहे.”

प्रश्नच आईच्या ध्यानात आला नाही, असं हर्षितने ठरवलं आणि नागपूर आपोआप पक्कं झालं. तो लॅपटॉप उचलायला गेला तर वंदनाने अडवलं. “राहू दे. काही मांगून राहिला का तो तुले?” मग लॅपटॉप तिथेच, आईच्या हाताखाली राहिला. रोज ऑफिसातून आल्यावर हर्षित पडद्यावर नजर टाकायचा. बाण मधोमध. जिजाबाई त्याच्याकडे बघायची, तो चपला काढायचा.

गुरुवारी सकाळी दुसरा झटका आला. शनिवारी घरी आणलं तेव्हा डोळे उघडे होते, पण ते बोटही थांबलं होतं. “आता जिथे सेवा होईल तिथे न्या,” डॉक्टर म्हणाले. सेवा वंदना करणार होती, म्हणजे रामटेक. भांडायला काही उरलंच नव्हतं.

शनिवारी दुपारी सामान बांधताना हर्षितने लॅपटॉपचा चार्जर ओढला. तोच थोटा चार्जर होता, त्याने न बघताच लावलेला. मग त्याने ती फाइल, कणीचा डबा, उघडली. सोमवार ते गुरुवार, गाळलेल्या नोंदी लाखांत. भुतं असणार, त्याने मनाला समजावलं, चार्जरची. पडद्यावर त्यांचे ठिपके मांडले तर सूप उलटल्यासारखे चारी दिशांना सांडलेले.

पण बुधवारी दुपारी दोन तास लाइन गेली होती. कूलर बंद पडला म्हणून वंदनाने त्याला फोनवर ऐकवलंच होतं. लाइन नाही म्हणजे चार्जर मेलेला, आणि चार्जर मेला की भुतं नसतात. त्याने त्या दोन तासांच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

सलग जोडल्यावर त्यांच्या एकेचाळीस रेघा झाल्या. प्रत्येक एकाच जागी सुरू व्हायची, थरथरायची, नखभर डावीकडे सरकायची आणि थांबायची. दोन-चार मिनिटं काही नाही, जणू दम खाऊन पुन्हा तेच. उजवीकडे एकही नव्हती. मग त्याला सोमवारच्या, मंगळवारच्या सांडलेल्या ठिपक्यांतही ती डावी रेघ दिसायला लागली, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

रविवारी सकाळी गाडी कन्हानचा पूल ओलांडून रामटेकला पोचली. जिजाबाईला तिच्या घरात, अंगण दिसेल अशा दारापाशी निजवलं. तिचे डोळे छताकडे होते.

वंदना ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, “त्या तुह्या मशीनवर बोललीच नाही ना गा माय शेवटपर्यंत?”

‘नाही’ म्हणता आलं असतं.

“बोलली,” हर्षित म्हणाला. “रामटेक म्हणे.”

“कवा?”

“सोमवारपासून. बुधवारी दोन तासांत एकेचाळीसदा.”

फडकं थांबलं. “अन् तू पाह्यलं कवा?”

“काल.”

वंदनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. जिजाबाईचं ते बोट तिने उचललं, फडक्याने सावकाश पुसलं आणि पुन्हा गादीवर ठेवलं.

“कूलर लाव,” ती म्हणाली. “उकडून राहिलं तिले.”

हर्षित नव्या कूलरची तीन पिनांची वायर घेऊन बोर्डाजवळ गेला. तिथे दोनच भोकं होती. पकड घरात कुठे असते, ते फक्त आईला ठाऊक होतं.