जीपचं इंजिन

माजलगावच्या एका मिस्त्रीनं मला फसवलं. माझ्या जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून त्यानं मला न विचारता डिझेलचं बसवलं.

आज शेजाऱ्यानं त्याच्या फाटकाला रंग लावला. त्या ओल्या रंगाच्या वासानं ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांपुढे आली. तेलगावच्या सवाऱ्या वाहून मी याच जीपवर वर आलो. ती नव्यासारखी करायचा सौदा मी आणि त्या मिस्त्रीनं बैलबाजारासारखा रुमालाखाली बोटं धरून केला. आकडा ठरला, बाकीचं बोलणं राहिलं.

कालव्याच्या वळणावर जीपचा आवाज आला, की बायको तव्यावर भाकरी टाकायची. त्या संध्याकाळी मी नव्या रंगानं चकचकीत गाडी घेऊन ऐटीत दारात आलो, त्या ऐटीत आवाज बदललेला माझ्या ध्यानातच आला नव्हता; बघतो तर तवा थंड.

"कोन हाय?" तिनं आतूनच विचारलं. मग बाहेर येऊन बॉनेटवर हात फिरवला. "लई देखणी केली. पण आपली वाटत न्हाई."

मी बॉनेट उघडलं, आत डिझेलचं इंजिन. तसाच मिस्त्रीकडे गेलो. तो हसला. "शेठ, इंजिन ठेव म्हनून तुमी कुठं बोललात? ते भंगारात गेलं."

बायको आता नाही. जुन्या इंजिनाचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आलाच नाही. मिस्त्री, चालू इंजिन कुणी भंगारात टाकत नसतं. कुणाच्या गाडीत घातलंस, ते माझ्या दारात उभा राहून सांग.