वरमाईच्या वाट्याचा ढोल

शिवलीलाचं लग्न राहिलं ते एका गाण्यापायी. गाणं तरी कसं म्हणायचं, त्यात शब्दच नव्हते.

सोलापुरात तिच्या बापाचं घर एका टॉकीजच्या पाठीला पाठ लावून होतं. पडदा भिंतीच्या पलीकडं, चूल अलीकडं. आई दानम्मा कडक भाकऱ्या करून विकायची आणि पोरगी तव्यापाशी बसून भाकरी शेकता शेकता भिंत ऐकायची. माणसांचं बोलणं काही कळायचं नाही. गाणी पब्लिकच्या शिट्ट्यांत बुडायची. पण दोन बोलण्यांच्या मधे जे नुसतंच वाजतं, व्हायोलिन, बासरी, ढोल, ते मात्र गाळून घेतल्यासारखं स्वच्छ यायचं. सिनेमा बघायला बाप सोडत नव्हता. मग तिनं आपल्याच मनानं एकेका तुकड्याला नाव दिलं. ‘म्हैस हरवली’. ‘दार वाजलं, बाहेर कुणी न्हाई’. ‘सासू जिना उतरती’. हे शेवटचं म्हणजे दरोडेखोर घोड्यावरून उतरतो तेव्हाचं, हे तिला पुढं कळलं. पण नाव काही तिनं बदललं नाही. फरक तो काय मोठा!

एकविसाव्या वर्षी अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलाचं नाव कल्लप्पा. मुलगा गरीब, खाली मान घालून बसलेला. सगळा कारभार त्याच्या बहिणीच्या हातात. तिचं नाव भुवनेश्वरी, नुकतंच लग्न झालेली, अंगावरची हळद अजून उतरली नव्हती.

“गाणं येतं का गं?” तिनं विचारलं.

“येतं की.”

शिवलीलानं डोळे मिटले आणि आपल्याला सगळ्यात आवडतं ते धरलं. ‘लेक नांदायला निघाली’ असं त्याचं नाव. तोंड मिटून, व्हायोलिनसारखं. त्यात मधे एक जागा आहे, तिथं सगळी वाद्यं थांबतात, चार मोजेपर्यंत काहीच वाजत नाही, आणि मग एकटी बासरी उठते. शिवलीला तिथं थांबली. एक, दोन, तीन...

“अव्वा, हिची बॅटरी उतरली!” भुवनेश्वरी म्हणाली, आणि माजघर सगळं हसलं. शिवलीलाची आत्यासुद्धा हसली. बासरी राहिली ती राहिलीच.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण भुवनेश्वरीनं घरी जाऊन सगळ्या भावकीत सांगितलं, “पोरगी दिसाय बरी हाय, पन बसल्या बसल्या घुमती.” गुणगुणती म्हटली असती तर काही बिघडत नव्हतं. घुमती म्हटल्यावर लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. अंगात येणारी सून कुणाला पाहिजे? त्यानंतर दोन स्थळं आली. दोन्हींनी आधी विचारलं, “कुणाला दाखवलं का हिला?” पुढं तीही बंद झाली. घुमी शिवलीला हे नाव मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यापर्यंत जाऊन आलं.

बाप गेला, दानम्मा गेली, टॉकीज पाडून तिथं दुकानांची इमारत झाली. शिवलीला एका फोटो स्टुडिओत कामाला लागली आणि तिथं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकली. आता बावन्न वर्षांची आहे. घरीच पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर, कानाला लावायचा हेडफोन. शूटिंगवाले मेमरी कार्ड आणून देतात, ती कापाकापी करते, संगीत भरते. बाकीचे मिक्सिंगवाले सगळीकडं तीच चार गाणी चिकटवतात. हिच्याकडं तीस वर्षं गोळा केलेलं नुसतं सिनेमातलं पार्श्वसंगीत, आपापल्या नावानं लावून ठेवलेलं. मुलीच्या पाठवणीला ही असं काही भरते की नवऱ्याकडची माणसंसुद्धा नाक पुसतात.

यंदाच्या वैशाखात मल्लिनाथ शूटिंगवाला कार्ड घेऊन आला.

“अक्का, मोठं काम हाय. पूजेदिवशी सगळ्या पावण्यांत टीव्हीवर दाखवायचंय. वरमाईची एकच फर्माईश, मी आले की दणकून म्युझिक वाजलं पायजे.”

“वाजंल की.”

मल्लिनाथ गेल्यावर तिनं कार्ड लावलं. नवरा मुलगा दिग्विजय, नवरी संस्कृती, आणि जिकडं बघावं तिकडं हिरवं इरकल नेसून वरमाई. मुलीच्या आईच्या ताटात बोट घालून बघते, अक्षता टाकताना कॅमेऱ्याकडं बघते. आणि हसली. भुवनेश्वरीच! एकतीस वर्षांत देह तिप्पट झाला होता, हसणं तेवढंच होतं.

शिवलीलानं उठून चहा केला, प्याली, कप विसळून पालथा घातला. मग ‘सासू जिना उतरती’ काढलं.

काम असं केलं की कारागिरानं बघत राहावं. वरमाई पडद्यावर यायच्या आधीच लांबून ढोल सुरू. ती वळली की झांज. हसली की पुंगीसारखं ते वाकडा सूर काढणारं वाद्य. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला तिथं तर ढोलसुद्धा बंद करून नुसता वारा सोडला. खोटं एक चित्र घातलं नाही. सगळं जे घडलं तेच होतं.

पूजेदिवशी वायर धरायच्या निमित्तानं ती मल्लिनाथबरोबर गेली आणि बायकांत मागं बसली. पहिल्या ढोलाला भुवनेश्वरीनं मान डोलावली. “बघा, कसं जोरात हाय!” दुसऱ्या वेळी कोपऱ्यातली पोरं म्हणाली, “आली, आली!” तिसऱ्या वेळी चित्रात ती नव्हतीच, नुसता ढोल सुरू झाला, तर व्याहीच बोलून गेले, “आता वरमाई येनार बघा.” आणि ती आली. सगळा हॉल हसून कोसळला. नवी सून पदरात तोंड घालून गदगदत होती.

“बंद करा त्ये!” भुवनेश्वरी उठली. “मल्लिनाथ, कुणी केलं ह्ये?”

मल्लिनाथ आपली चप्पल बघायला लागला.

“म्या केलं,” शिवलीला उभी राहिली. एकतीस वर्षं हे वाक्य तयार होतं. “मी शिवलीला. टॉकीजमागच्या दानम्माची.”

भुवनेश्वरीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोन शिवलीला?”

ढोंग असतं तर शिवलीलाला बरं वाटलं असतं. ढोंग नव्हतं.

घरी येताना रिक्षात मल्लिनाथ रडकुंडीला आला होता, “अक्का, माझं गिऱ्हाईक घालवलंस!” तिला ऐकूच येत नव्हतं. शत्रू म्हणून जिला जपलं, तिच्या घरी आपली नोंदसुद्धा नाही, हा अपमान पहिल्यापेक्षा मोठा वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भुवनेश्वरी स्वतः आली. धापा टाकत खुर्चीवर बसली.

“पोरं मला बघून ढोल वाजवाय लागल्यात तोंडानं. बाई, मी तुझं काय घोडं मारलं?”

शिवलीलानं सांगितलं. माजघर, बॅटरी, घुमती. सगळं.

“अय्यो शिवा शिवा! आमी तवा आठ पोरी बघितल्या की गं. त्यातली कंची तू? आन हासले आसंन. त्या वयात काय, मांजर शिंकलं तरी हासू येतंय.” मग जरा खाली बघून म्हणाली, “बरं, चुकलं माझं. आता काढ त्यो ढोल.”

“असं न्हाई. त्या दिवशीचं राहिलंय ते आधी ऐका. मग बोलू.”

तिनं हेडफोन भुवनेश्वरीच्या कानावर चढवला, अंबाडा आडवा येत होता तो सरकवला, आणि ‘लेक नांदायला निघाली’ लावलं. दार ओढून घेतलं, पंखा बंद केला, समोर स्टुलावर बसून तिचं तोंड बघत राहिली. व्हायोलिन चढलं असेल, आता उतरलं असेल. भुवनेश्वरी शहाण्यासारखी बसली होती. घाम पुसला. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग ती शांत जागा आली असावी, कारण तिनं हेडफोनचा एक कान वर केला आणि अगदी सरळ मनानं विचारलं,

“गानं कवा सुरू हुतंय?”

शिवलीला बघतच राहिली. ही बाई तेव्हाही वाईट वागली नव्हती की काय! तिला खरोखरच बॅटरी उतरल्यासारखं वाटलं होतं. आंधळ्यानं पाय दिला म्हणून कुणी एकतीस वर्षं लंगडतं का? पण लंगडले तर मीच ना, असंही तिच्या मनात आलं. पाय देणाऱ्याला दिसत नव्हतं म्हणून माझं हाड आपोआप जुळलं नाही.

“संपलं,” ती म्हणाली आणि हेडफोन काढून घेतला.

“मग काढतीस न्हवं ढोल?”

“न्हाई.”

“अगं, चुकलं म्हनले की मी!”

“म्हणलासा. ऐकलं म्या. सावकाश जावा, घरी सून वाट बघत असंल.”

भुवनेश्वरी आठवेल तेवढ्या मराठीत आणि उरलेलं कानडीत शिव्या देत गेली. शिवलीलानं कडी लावली. हेडफोनमध्ये बासरी अजून वाजतच होती. ती तिनं उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकली.

मग मुलीकडच्या पाहुण्यांसाठी नव्या सुनेनं, संस्कृतीनं, निरोप पाठवून अकरा पेन ड्राइव्ह सांगितले होते, ते भरायला बसली. अकराच्या अकरा भरायच्या आधी ढोलाचा आवाज तेवढा अजून दोन घरं वाढवला.