संचालक परीक्षा विभागाच्या खुर्चीत बसले तेव्हा

“डोळे मिटा... श्वास आत... थांबा, थांबा! जिओटॅग फोटो राहिला!”

संचालक सर ओरडले आणि विद्यापीठाच्या उपकेंद्रातल्या साऱ्या स्टाफनं पुन्हा डोळे उघडले. जिओटॅग म्हणजे ज्यावर जागा आणि वेळ आपोआप छापून येते तो फोटो. त्याशिवाय विद्यापीठात काही घडलं असं कुणी मानतच नाही. मी तिथला समुपदेशक, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा पगार घेणारा माणूस. ‘ताणमुक्त कर्मचारी’ ही कार्यशाळा सरांनी ऐन निकालाच्या धामधुमीत लावलेली. न येणाऱ्याला मेमो. फोटोपायी लोकांनी डोळ्यांची इतकी उघडमीट केली, की पापण्यांच्या वाऱ्यानं बॅनर हलायला लागला.

शेवटी परीक्षा विभागाच्या सुनंदा मॅडम उठल्या. अणदूरच्या बाई, आवाज मागच्या भिंतीला धडकणारा.

“सर, रिझल्ट तिकडं अडकलाय आन् मी इथं श्वास घेत बसलेय! बास झालं. व्हीआरएस घेते.”

व्हीआरएस म्हणजे मुदतीआधीच निवृत्ती. निकालाचं सॉफ्टवेअर फक्त मॅडमचंच ऐकायचं. त्या गेल्या असत्या तर जिल्ह्यातली पोरं नातवंडं होईपर्यंत सेकंड इयरलाच राहिली असती.

सर माझ्या कानाशी आले. “थांबवा हो त्यांना. ध्यान वाढवू का?”

“आधी त्यांच्या टेबलापाशी बसून बघतो.”

बसलो. फोन असा थरथरत वाजायचा, की टेबल चालत दारापर्यंत आलेलं. कळंबचे प्राचार्य, मग पालक, मग पुन्हा प्राचार्य. मधल्या फटीत ग्रुपवर सरांचा मेसेज : ‘स्टेटस?’ लगेच ‘येस सर’ गेलं नाही की खुद्द सरांचा फोन.

“सकाळपासनं एक पोरगं पास केलं न्हाय म्या,” मॅडम म्हणाल्या.

मी सरांकडं गेलो. “सर, कार्यशाळेचं प्रात्यक्षिक राहिलंय. मॅडमच्या खुर्चीत बसून फक्त फोन घ्यायचे. मॅडम आतल्या खोलीत निकाल करतील.”

“एवढंच ना?” म्हणत सर ऐटीत बसले.

पहिलाच फोन ढोकीच्या एका पालकाचा. “ओ साहेब, पोरीला बघायला पाव्हणे बसलेत. पास हाय का नापास तेवढं सांगा, मग चहा टाकतो!”

सर त्यांना समजावेपर्यंत मुख्य कार्यालयाचा फोन, तो ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा त्यांचाच. “स्टेटस?”

“आत्ताच सांगितलं की!”

“पुन्हा सांगा.”

दुपारपर्यंत सरांचा टाय सुटला, मग बटणं, मग तोल. आतल्या खोलीकडं बघून ते किंचाळले, “मॅडम, हे रोज असं असतं?”

“न्हाय सर. आज लई कमी हाय. आज तुमचे मेसेज कुठं आलेत?”

दुसऱ्या दिवशी फोन चौकशीच्या खिडकीवर गेला. स्टेटस फक्त संध्याकाळी, तेही एकदाच. मॅडम राहिल्या, निकाल लागला.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसनं ताण घालवायला बोलावलं, की मी बोलावणाऱ्यालाच आधी तिथल्या सगळ्यात वैतागलेल्या माणसाच्या खुर्चीत बसवतो. हल्ली बोलावणी कमी झालीत.