एका नंबराच्या चार ट्रॉल्या

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की मन्मथअप्पा हातातला चहाचा कप खाली ठेवायचे, मान तिरकी करून तिच्या पाठीकडे बघायचे आणि म्हणायचे, "ही माझी." कधी म्हणायचे, "ही चाकूरवाल्याची. वेल्डिंग बगा, शेण थापल्यावानी." धूळ कितीही उडो, अप्पा चुकल्याचं मी पाहिलं नाही. आपल्या हातची ट्रॉली त्यांना जत्रेच्या गर्दीत नातू ओळखावा तशी ओळखू यायची आणि हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

अहमदपूरकडून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. रस्त्याच्या अलीकडे माझं औषधाचं दुकान, पलीकडे अप्पांचं वर्कशॉप. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, आणि अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली भोकं. आठवड्यातून एकदा तरी लाल डोळे घेऊन माझ्या काउंटरवर उभे. "डाक्टरसाब, डोळ्यात वाळू गेल्यावानी व्हायलंय, थेंब द्या." मी डॉक्टर नाही, साधा दुकानदार आहे, हे त्यांना सांगून मी थकलो. काळा चष्मा लावून काम करा म्हटलं की हसायचे. "चष्मा लावला की लोखंड खोटं बोलतंय."

माणूस दिलदार होता, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाबद्दल बोलतोय ते लक्षात राहील. शाळेचं फाटक त्यांनी फुकट करून दिलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावजेवण त्यांच्याकडे, आणि वाढायला स्वतः. माझ्या वडिलांना लातूरला हलवायचं होतं तेव्हा जीप अप्पांनीच थांबवली होती. मला ते आवडायचे. म्हणूनच त्यांची आठवण आली की तोंड कडू होतं.

ट्रॉलीला गाडीसारखेच नियम असतात, हे शहरातल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. ती मान्यता असलेल्या कारखान्यात बनलेली हवी, तिच्या सांगाड्यावर तिचा नंबर ठोकलेला हवा, आरटीओत ती साहेबाला दाखवून नोंदवायला हवी. मग तिला तिचा स्वतःचा नंबर मिळतो आणि तो पाठीवर रंगवायचा. गावच्या वर्कशॉपात बनलेल्या ट्रॉलीला यातलं काही मिळत नाही. त्यावर आमच्या गावानं तोड काढली होती. एकानं लातूरहून रीतसर कागदाची ट्रॉली आणली. अप्पांनी तिची मापं घेतली आणि तशाच तीन बनवल्या. तोच निळा रंग, पाठीवर तोच नंबर, सांगाड्यावर ठोकलेले आकडेही तेच. मालक चार, कागद एक. वाटेत कुणी अडवलं की त्याच कागदाची झेरॉक्स पुढं करायची. याला गावात कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. "जोड नंबर" असं त्याचं सोज्वळ नाव होतं.

मी एकदा तोंड उघडलं. म्हटलं, "अप्पा, उद्या एखादीनं कुणाला उडवलं तर?"

अप्पांनी आकाशाकडे हात जोडले. "महादेव एकच हाय ना? पिंड्या गावोगाव हायत्या. कुनी मनतंय का, ही खोटी पिंड मनून?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो असेन. बोलणं होतंच तसं.

सुमनबाई आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. चाळिशीची, तुरुतुरु चालणारी बाई. गरोदर बायकांच्या घरी जाऊन गोळ्या घेतल्या की नाही ते विचारायची आणि खोटं सांगणारीला दारातच झापायची. हंगामाचे दिवस होते. संध्याकाळी त्या रस्त्याच्या कडेनं घरी निघाल्या होत्या. वळणावर उसानं लादलेल्या ट्रॉलीची शेपूट कडेला फिरली आणि त्या चाकाखाली आल्या. ट्रॅक्टर थांबला नाही. मागून येणाऱ्या जीपवाल्याला उसाच्या मोळ्यांमुळे ट्रॅक्टर दिसलाच नाही, पण ट्रॉलीच्या पाठीवरचा नंबर त्यानं वाचला. सुमनबाईंचा उजवा पाय नांदेडला गुडघ्यापासून काढावा लागला.

नंबर मिळाला म्हणून पोलीस ठाण्यातला जमादार खुशीत आला. शाळेमागच्या मैदानात त्यानं ट्रॉली मागवली, तर चार आल्या. पंच म्हणून मला उभं केलं होतं. मालकांचं एकच पालुपद: "नंबर माझा हाय साहेब, पर त्या टायमाला तिथं माझी ट्रॉली न्हवती." चौघेही तेच म्हणत होते, शपथा घेत होते, आणि एकमेकांना तंबाखू देत होते. कुणाच्या चेहऱ्यावर एका बाईचा पाय गेलाय याची सुरकुतीसुद्धा नव्हती. मला शिसारी आली.

जमादारानं अप्पांना बोलावलं. "अप्पा, तुमच्या हातचं काम हाय. उसाची शेवटची खेप कुणाची, काय घासलंय, कुठं वाकलंय, तुमाला कळंल. सांगा कोनती."

अप्पा चारही ट्रॉल्यांभोवती फिरले. प्रत्येकीच्या चाकाजवळ बसले, प्रत्येकीच्या फळीवरून हात फिरवला. मग धोतराला हात पुसले. "सारख्याच हायत्या साहेब. मलाच वळखू येईनात."

रस्त्यावरच्या धुळीतून ट्रॉली ओळखणारा माणूस हे हातभर अंतरावरून म्हणाला! अप्पा दुकानात आले तेव्हा मी सरळच विचारलं, "तुम्हाला कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"एकाचं नाव घेतलं की तो मनंल, नंबर कुनी ठोकला ते बी सांगतो. सगळं माझ्यावर येतंय डाक्टरसाब. मी इथं धंदा करायलोय, घर हाय, नातवंडं हायत. पाय तर परत येनार न्हाई ना?"

त्यांनी डोळ्याचे थेंब मागितले. मी दिले. पण बाटली हातात न देता काउंटरवर ठेवली.

बनावट नंबराबद्दल तिघांना दंड झाला. नंबर कुणी टाकला म्हणून विचारल्यावर एका पेंटरचं नाव निघालं, तो म्हणे पुण्याला गेला होता. पुढच्या हंगामाला त्याच ट्रॉल्या, तोच नंबर, नवा रंग. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजासुद्धा झाली. अशा वेळी माणसं ओकत कशी नाहीत, याचं मला नवल वाटतं.

सुमनबाईंना कुणाला फाशी द्यायची नव्हती. मी औषधं घेऊन गेलो की एवढंच म्हणायच्या, "भाऊ, त्यानं दारात यावं आन् मनावं, बाई, माझ्याच्यानं झालं. मग मी त्याला चहा बी देईन. रोज चौघं बी समोरनं जायलेत, चौघं बी नमस्कार करायलेत. मी कुनाचा घेऊ आन् कुनाचा नको?"

याच सुमारास अप्पांनी त्यांच्यासाठी वॉकर बनवला. काय सुबक काम होतं! पाइप वाकवलेला, सांधा बोटाला लागणार नाही असा घासलेला, खाली रबराच्या टोप्या, वर आकाशी रंग. माणसाकरवी घरी पाठवला. तासाभरात वॉकर परत आला. सोबत निरोप होता, "अप्पाला मनावं, ह्याच्यावर बी तोच नंबर टाकलाय का बगा."

अप्पा तो वॉकर घेऊन वर्कशॉपच्या दारात बराच वेळ बसले होते. मला वाटलं, आता उठतील, सुमनबाईंच्या घरी जातील. मी काउंटर सोडून बाहेर आलो. ते उठले, वॉकर भंगाराच्या ढिगावर ठेवला आणि मशीन चालू केली. त्यानंतर थेंबांना ते दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. मी बोलावलं नाही.

या उन्हाळ्यात अप्पा गेले. छातीत कळ आली, लातूरला पोचायच्या आतच संपलं. गाव लोटलं. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलं, विभूती लावली, हार घातले, ट्रॉलीत केळीचे खुंट बांधून मखर केलं. चार गावची माणसं आली होती, एका ट्रॉलीत कशी मावणार? मागं आणखी तीन जोडल्या. भजन सुरू झालं आणि एकाच नंबराच्या चार ट्रॉल्या ओळीनं आमच्या रस्त्यावरून निघाल्या. जमादार बाजूला उभा राहून टोपी काढत होता.

मी सुमनबाईंच्या दारापर्यंत चालत गेलो आणि तिथंच थांबलो. त्या काखेत कुबडी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. शेजारच्या बायका डोईवर पदर घेऊन हात जोडत होत्या. सुमनबाईंनी पहिल्या ट्रॉलीची पाठ वाचली, दुसरीची वाचली, तिसरीची, चौथीची. मग मला विचारलं, "भाऊ, ह्यातली कोनती वो?"

मी पुढं पाहिलं. ज्याला ठाऊक होतं तो पहिल्या ट्रॉलीत हारांमध्ये ताठ बसून, डोळे मिटून, वळणापलीकडे चालला होता.