कोंडवाड्याची मधली भिंत

खाडीकाठच्या आमच्या गावाला म्युनिसिपालिटी होती आणि भोवतालच्या खेड्यांना लोकल बोर्ड. मोकाट गुरं दोन्हीकडची, तेव्हा कोंडवाडा निम्म्या-निम्म्या खर्चाने बांधावा असं ठरलं. ठरेपर्यंत इतका काळ गेला की पहिली तक्रार करणाऱ्याचं शेत त्याचा नातू कसू लागला होता. शेवटी जागेच्या मधोमध दोरी धरून एक बाजू म्युनिसिपालिटीने बांधली, दुसरी बोर्डाने. फाटकं दोन, पाट्याही दोन. एका बाजूला धडधाकट गुरं ठेवायची, दुसऱ्या बाजूला आजारी, आणि मधे भिंत, असा नकाशा होता. मधली भिंत दोघांची, म्हणून ती कोणीच बांधली नाही.

आमच्या शेजारच्या काकू विधवा होत्या. त्यांची एक गाय होती आणि तिच्या दुधाचा चार घरी रतीब. दीर दोन कोसांवर राहत असे. त्याच्याकडे जाऊन जावेच्या हाताखाली दिवस काढण्याची वेळ गायीमुळे टळली होती. "ही आहे म्हणून मी कुणाच्या दारात नाही," असं त्या बेधडक सांगत.

उद्घाटनाला ठाण्याहून साहेब येणार होते. रिकामा कोंडवाडा त्यांना दाखवायचा कसा? म्हणून सकाळीच दोन्हीकडचे शिपाई गुरं धरायला निघाले, आणि आपलीच बाजू जास्त भरलेली दिसावी म्हणून इरेला पेटले. म्युनिसिपालिटीच्या शिपायाने बांधावर चरणारी काकूंची गाय आणली. बोर्डाच्या शिपायाला खेड्याच्या वाटेवर सोडून दिलेला एक बैल मिळाला. त्या खेड्यात बुळकांडीने गुरं मरत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. स्वागताचं पद म्हणायला मुलं उभी करायची म्हणून तिथे होतो. काकू फाटकाशी आल्या.

"अरे, माझी गाय कुणाच्या शेतात शिरली ते तरी सांग!"

"कुणाच्याच नाही, काकू," शिपाई म्हणाला. "साहेब बघून गेले की सोडतो. दिसायला चांगली म्हणून पुढे बांधली. मान आहे हा."

"मान त्या बैलाला दे. बघ कसा लाळ गाळतोय."

"तो आमचा नाही. तो बोर्डाचा."

मी ओव्हरसियरला गाठलं आणि मधल्या भिंतीचं विचारलं.

"भिंत मंजूर आहे, मास्तर."

"मंजूर भिंतीने रोग अडतो का?"

"तुम्ही मुलांची रांग बघा. ती वाकडी आहे."

साहेब दुपार कलल्यावर आले. तोवर मुलांचे घसे सुकले होते. अध्यक्षांनी भूतदयेवर भाषण केलं. त्यात एक संस्कृत श्लोक होता, त्याचे दोन चरण चुकले. दोन्ही संस्थांमध्ये आता कसलीही भिंत उरलेली नाही, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. मी बैलाकडे बघत होतो. तो गायीच्या पुढ्यातल्या वैरणीत तोंड घालून होता. मग अत्तरगुलाब झालं, हार झाले, पानसुपारी झाली आणि गाय सुटली.

आठवडा उलटायच्या आत तिने चारा सोडला. काकू तिच्या तोंडाशी पेज धरून बसत. गाय नुसती बघत असे. रतिबाच्या घरांनी आधी चौकशी केली, नंतर दुधाची भांडी परत न्यायला माणूस पाठवला. आमच्या घरूनही माणूस गेला.

गाय मेली ती अंगणातच. रोग बोर्डाच्या बैलाचा, असं म्युनिसिपालिटीने कळवलं. अंगण म्युनिसिपालिटीच्या हद्दीतलं, असं बोर्डाने. दुर्गंधी सुटल्यावर शेजाऱ्यांनीच ती उचलायला माणसं बोलावली.

पुढच्या महिन्यात दीर बैलगाडी घेऊन आला. वाईट माणूस नव्हता. वहिनींची ट्रंक त्याने स्वतः उचलून गाडीत ठेवली. काकू उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"भावोजी, तिथे मला वेगळी चूल मांडता येईल ना? कोपऱ्यात कुठेही चालेल."

दिराने बैलांच्या मानेवरचं जू नीट केलं, ते नीट असतानाही.

"उन्हं चढायच्या आत निघू या, वहिनी," तो म्हणाला.